काळ्या कापडाची खळ

वसईतल्या गिरीज गावच्या लूर्डस डाबरेला कुणी टेलरबाई म्हटलेलं खपत नसे. "टेलर माप घेऊन शिवतो," ती म्हणायची, "मी माणूस बघून शिवते." आणि ती काही नुसती फुशारकी नव्हती. नवरीचा गाऊन असो, पहिल्या कम्युनियनला निघालेल्या पोरीचा फ्रॉक असो की फादरांचा मिस्साचा झगा, लूर्डस समोरच्याला एकदा पुढून बघायची, एकदा मागून बघायची, खडू उचलायची आणि कात्री चालवायची. कात्री एकदा कापडात शिरली की माघारी वळत नसे. तिची जीभही तशीच. त्यामुळे गावात तिच्या हातचे कपडे सगळ्यांना हवे असत आणि तिच्याशी भांडण कुणालाच नको असे.

तिचा एक नियम मात्र पक्का होता. कोरं कापड धुतल्याशिवाय कापायचं नाही. लग्नाच्या घाईत असलेल्या एका बापाने एकदा "राहू दे गं, धुवायला वेळ कुठाय?" असं म्हटलं, तर तिने अख्खा तागा घडी करून त्याच्या हातात परत दिला आणि फाटकापर्यंत त्याला पोचवूनही आली.

"खळ म्हणजे कापडाचं सोंग," ती सांगायची. "दुकानात ताठ उभं राहतं. पहिल्या धुण्यात सोंग उतरतं, कापड आटतं, आणि शिव्या कोण खातं? शिवणारी. खळ गिरणीच्या सोयीची असते, अंगाच्या सोयीची नाही."

दोन हजार सालाच्या आसपास वसई स्टेशनासमोर रेडिमेडची दुकानं एकाला एक चिकटून उभी राहिली आणि लूर्डसचं मशीन दिवसातले निम्मे तास गप्प बसू लागलं. तिचा नवरा इग्नेशियस वाडीत केळी लावायचा. तो म्हणाला, "चल माझ्याबरोबर, केळीला पाणी लाव."

"केळीला तू पुरेसा आहेस," लूर्डस म्हणाली. "उगाच तिच्यावर दोन माणसं कशाला?"

अशातच एका सकाळी दिनानाथ स्कूटरवरून दारात आला. हा वसईतल्या फ्लॅटमधला माणूस. मुंबईतली नोकरी मुदतीआधी सोडून त्याने वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याचा गाळा घेतला होता आणि तिथे फायबरच्या टाक्या, मडगार्ड असलं काहीबाही बनवत होता. त्याच्या बायकोचे ब्लाउज लूर्डस शिवायची, एवढीच ओळख. त्याने पिशवीतून हातभर काळं कापड काढून तिच्या मशीनवर पसरलं.

"लूर्डसताई, हे कापता येईल?"

लूर्डसने बोट फिरवलं. काळंभोर, चकाकतं, सापाच्या पाठीसारखं विणलेलं. कडेचे धागे हात लावताच सुटायला लागले.

"कसलं हे?"

"कार्बनचं. लोखंडापेक्षा मजबूत आणि वजनाला पिसासारखं."

"लोखंडापेक्षा मजबूत? धागा तर सुटतोय."

"तेच तर! माझी माणसं एक मीटर कापताना अर्धा मीटर वाया घालवतात. बाहेरून मागवावं लागतं हो, सोन्याच्या भावाने. माझी बायको म्हणाली, कापडाचं एक सूत वाया न घालवणारी बाई वसईत एकच आहे."

कुणी बरोबर जागी खाजवलं की लूर्डस विरघळत असे. पण विरघळतानाही तिने अट घातली. "येईन. पण कापडाच्या खात्यात माझ्यावर कुणी साहेब नको."

"नाही, नाही," दिनानाथ घाईने म्हणाला. पुढे जे झालं त्याला हेच वचन कारण ठरलं, पण त्या वेळी दोघंही खूश होते.

गाळ्यावर कामाची रीत सोपी होती. साच्याला मेण फासायचं, त्यावर कापड अंथरायचं, वरून मधासारखं दाट रेझिन ब्रशने पाजायचं, रोलर फिरवून हवा काढायची, मग पुढचा थर. रेझिनमध्ये आधीच ते घट्ट करणारा हार्डनर मिसळलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं मिळून दगड होतं. हे रेझिन पाजण्याचं काम पारोळच्या श्रीपतकडे होतं. घरी भाताची शेती, आणि सोळा वर्षं हाताला रेझिन. त्याच्या तळहातावर टाचणी टोचली तरी त्याला कळत नसे. हार्डनर तो मापाने घालत नसे. डब्यात ओतायचा, काडीने ढवळायचा, रंग बघायचा आणि "झाला" म्हणायचा.

"मापत नाहीस?" लूर्डसने पहिल्याच दिवशी विचारलं.

"तू मापतेस?"

"नाही."

"मग?"

दोघांचं तिथेच जमलं.

तिसरा माणूस सुमेध. विरारचा इंजिनीअर, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली, खिशाला तीन पेनं, आणि तोंडात निम्मे शब्द इंग्रजी. त्याने लूर्डसला समजावलं की आपण एक्स-रे मशीनची फळी बनवतोय. पेशंट तिच्यावर झोपतो आणि किरण त्याच्यातून नि फळीतून आरपार जातात. लोखंड ठेवलं तर फोटोत लोखंडच दिसेल. कार्बन किरणांना अडवत नाही आणि वजनही पेलतो. आत फोमचा पातळ पाट, वर-खाली काळ्या कापडाचे थर.

अडचण एकच होती. फळीच्या कडेला कापड वळवलं की ते ताठ राहायचं, कोपऱ्यात चुणी पडायची, आणि त्या चुणीची सावली फोटोत उतरायची. आधीची एक फळी याच कारणाने नापास झाली होती. "डॉक्टर पेशंटला सांगायचा, तुम्हाला एक बरगडी जास्त आहे," सुमेध म्हणाला.

लूर्डसने कापड चिमटीत धरून चोळलं. दोनदा चोळलं. मग जणू चोर पकडला अशा आवाजात म्हणाली, "याला खळ आहे."

सुमेध तेव्हा फोनवर होता. दिनानाथ बँकेत होता. श्रीपतने मान वर करून "कापड तुझं खातं, बाय," एवढं म्हटलं आणि तो रोलरकडे वळला. लूर्डसने कुणालाच विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? कोरं कापड ती आयुष्यभर धूत आली होती. साध्या पाण्याने खळ निघेना, म्हणून ब्रश धुण्याच्या थिनरचा नवा डबा फोडला, दार-खिडक्या सताड उघडून कापड टबात बुडवलं, निथळलं आणि गाळ्यामागच्या दोरीवर वाळत घातलं. आणि काय सांगावं, ते ताठर कापड नेसून नेसून मुरलेल्या लुगड्यासारखं मऊ झालं! साच्यात ठेवताच कोपऱ्यात असं जाऊन बसलं की श्रीपतने रोलर खाली ठेवून ते बघितलं.

फळीचा फोटो काढला, तो निर्मळ. एक चुणी नाही. दिनानाथने पेढे आणले, सुमेधने "एक्सलंट" असं तीनदा म्हटलं, आणि हे कसं झालं ते एकानेही विचारलं नाही. सगळं बरोबर चाललेलं असताना प्रश्न विचारायची पद्धत कारखान्यात नसते. आठवड्याभरात लूर्डसने उरलेला सगळा रोल धुऊन, वाळवून, घडी घालून कपाटात ठेवला. दोन फळ्या तयार झाल्या. फोटोची परीक्षा झाली. राहिली वजनाची.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. बुधवारी सकाळी पहिली फळी दोन लाकडी घोड्यांवर ठेवली आणि तिच्यावर पंचवीस-पंचवीस किलोच्या वाळूच्या गोण्या रचायला सुरुवात केली. आठ गोण्या पेलायला हव्या होत्या. चार झाल्या. पाचवी ठेवली आणि फळीच्या आतून कुणी करकरीत पापड मोडावा तसा आवाज आला. मग वरचा थर फुगला, थर एकमेकांपासून सुटले, आणि पाचही गोण्या जमिनीवर. दुसरी फळी घेतली. तिने तर पाचवीचीही वाट पाहिली नाही.

कारखान्यात चूक झाली की ती वरून घरंगळत खाली येते आणि सगळ्यात खालच्या माणसाच्या पायाशी येऊन थांबते. इथेही वेगळं घडलं नाही.

"हार्डनर कुणी घातला?" दिनानाथने विचारलं.

"मीच. दुसरा कोन घालनार?"

"मापून?"

"नजरंनं."

"नजरेने!" दिनानाथने सुमेधकडे असं बघितलं की जणू खुनी स्वतःच कबूल झाला. "पुढच्या शुक्रवारी कंपनीचा माणूस येतोय. त्याच्यासमोरच्या फळीला सुमेध स्वतः मापून हार्डनर घालेल. ती टिकली, तर चूक तुझी होती हे सिद्ध होईल. मग शनिवारपासून येऊ नकोस."

लूर्डस कापडाच्या टेबलापाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "आणि नाही टिकली तर?"

"तर कार्बनचं कामच बंद. ऑर्डर गेली की एवढी माणसं ठेवून काय करू?"

"म्हणजे टिकली तरी श्रीपत जाणार, मोडली तरी श्रीपत जाणार. मग गोण्या तरी कशाला उचलता?"

"लूर्डसताई, तुम्ही तुमचं कापड बघा," दिनानाथ म्हणाला.

तो तिला गप्प करायला म्हणाला होता. पण लूर्डसला काही सांगितलं की ती ते करून दाखवते. जेवणाच्या सुट्टीत मोडलेल्या फळीचा तुकडा घेऊन ती गाळ्याच्या पायरीवर बसली आणि खरंच कापड बघू लागली. मोडलेल्या जागेतून काळे धागे केसांसारखे बाहेर आले होते. तिने एक ओढला. तो सरळ निघाला. स्वच्छ, कोरडा, चकचकीत. रेझिनचा कणही त्याला लागलेला नव्हता. तेल लावलेल्या साच्यातून केक सुटावा तसा सुटला.

समोर एक माणूस रेझिनची पिंपं भरलेली हातगाडी ओढत आला. गाळ्यासमोर गटार होतं आणि त्यावर एक वाकडीतिकडी काळी फळी टाकलेली होती. हातगाडी धडधडत तिच्यावरून गेली. फळी जरा लवली आणि पुन्हा सरळ झाली.

"श्रीपत, ही कसली फळी?"

"ती नापास फळी नाय का, चुन्या पडलेली? म्या बनवली व्हती, तू यायच्या आधी. फेकायची कशाला म्हनून गटारावर टाकली. वरीस झालं."

"हार्डनर?"

"नजरंनं," श्रीपत भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला.

लूर्डसने हातातल्या तुकड्याकडे बघितलं. तोच माणूस, तीच नजर, तोच डबा. ती कुरूप फळी वर्षभर गाड्या खातेय, आणि ह्या देखण्या फळ्या पाच गोण्यांत गेल्या. दोघींमध्ये बदललं काय होतं? ती स्वतः आली होती. तिने खळ काढली होती.

संध्याकाळी घरी ती इतकी गप्प होती की इग्नेशियसने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही," तो म्हणाला. "मग झालंय काय?"

"मी चुकले असेन, असं वाटतंय."

इग्नेशियस खुर्चीत सरळ बसला. "थांब. चर्चमध्ये जाऊन घंटा वाजवायला सांगतो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा."

"इग्नेस, मस्करी नको. एका माणसाची रोजी चाललीय."

मग तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रविवारी फादरकडे कुमसाराला जा. पाप सांगून टाक, मोकळी हो."

"फादर सोडवतील मला. श्रीपतला कोण सोडवणार?"

उत्तर तिचं तिलाच ठाऊक होतं. 'मी चुकले' हे वाक्य नवऱ्यासमोर म्हणणं वेगळं आणि 'तुम्ही तुमचं कापड बघा' म्हणणाऱ्या माणसासमोर म्हणणं वेगळं. शिवाय खात्री नव्हती. खात्री नसताना लूर्डस माफीही मागणार नव्हती.

सुदैवाने ती चिंधी फेकणाऱ्यांतली नव्हती. पहिल्या दिवशी कापलेल्या, न धुतलेल्या कापडाच्या पट्ट्या तिने पिशवीत जपून ठेवल्या होत्या. गुरुवारी तिने श्रीपतला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

श्रीपतने पहिलं विचारलं ते हे, "म्हंजे माझा हार्डनर बरोबर व्हता?"

"अजून माहीत नाही. म्हणून तर तुला बोलावलं."

दोघांनी मिळून बोटभर रुंदीच्या पट्ट्या बनवल्या. चार धुतलेल्या कापडाच्या, चार न धुतलेल्या. एकाच डब्यातलं रेझिन. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत एकेक पट्टी टेबलाच्या शिकंज्यात आवळून श्रीपतने टोकाला लोंबकळायला सुरुवात केली. धुतलेली पट्टी तो अर्धा लोंबकळला तोच करकरली आणि मोडल्या जागी झाडूसारखी पिंजारली. न धुतलेलीला तो पूर्ण लटकला. मग पाय वर घेतले. मग लूर्डसने त्याच्या खांद्यावर भार दिला. तेव्हा कुठे ती 'ठाक' करून मोडली, आणि मोडलेल्या तोंडावर धागा नि रेझिन एकमेकांना चिकटूनच होते.

"झालं," लूर्डस म्हणाली. "मीच."

श्रीपतने हात झटकले. त्याचा चेहरा उजळला होता. "हार्डनर बरोबर व्हता." मग तो म्हणाला, "बाय, तू गप ऱ्हा. साहेबाला सांगू नको. माझ्याकडं भात हाय, दोन म्हशी हायत. तुझं मशीन बंद पडलंय. माझं निभंल."

लूर्डस असली भडकली की शेजारच्या गाळ्यातली माणसं डोकावली. "तू माझ्यावर उपकार करतोस? माझी चूक तू पोटात घालणार आणि मी रोज इथे येऊन कात्री चालवणार? मला काय लाज नाही?"

"बरं, नको करू उपकार," श्रीपत म्हणाला. "वरडतेस कशाला?"

सोमवारी सकाळी दिनानाथ खुर्चीत बसायच्या आत लूर्डसने आठही मोडक्या पट्ट्या त्याच्या टेबलावर मांडल्या. सुमेधलाही बोलावलं.

"फळ्या माझ्यामुळे मोडल्या. मी कापड धुतलं. खळ काढली."

"कसली खळ?" दिनानाथ म्हणाला.

सुमेधने एक पट्टी उचलली, तिचं पिंजारलेलं तोंड बघितलं आणि कपाळाला हात लावला. "धुतलं? कशात?"

"थिनरमध्ये."

"अहो, ते सायझिंग होतं! कंपनी मुद्दाम लावते ते!"

"आम्ही खळ म्हणतो."

"साहेब, ताकद धाग्यात असते," सुमेध दिनानाथकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं इंग्रजी त्याला सोडून गेलं होतं. "रेझिनचं काम एवढंच की एका धाग्यावरचं ओझं शेजारच्या धाग्याला पोचवायचं. पण रेझिनने धागा धरला तरच ना! कार्बनचा धागा गुळगुळीत, त्याला रेझिन धड धरत नाही. म्हणून त्याच्यावर पातळ लेप देतात. तो एका बाजूने धाग्याला धरतो, दुसऱ्या बाजूने रेझिनला. तो लेपच गेला. धागे शाबूत, रेझिन शाबूत, आणि मधली पकड गायब."

"पुस्तकात होतं हे?" लूर्डसने विचारलं.

"हो. म्हणजे... एक अख्खं प्रकरण."

"मग दोन महिने रोज माझ्या टेबलाजवळून जात होतास, आठवडाभर दोरीवर काळं कापड वाळताना बघत होतास. एकदा तोंड उघडायचंस!"

"मला वाटलं, पावसात... म्हणजे, ओलं झालं असेल."

दिनानाथ आता लाल झाला होता. "कुणाला विचारून धुतलंत? किती राहिलंय न धुतलेलं?"

"चिंध्या. बाकी सगळं धुतलं."

"सगळं? नवीन यायला दीड महिना लागतो! शुक्रवारी काय दाखवू, माझं तोंड?"

"ओरडू नका. विचारलं नाही ही माझी चूक, ती मी तुमच्या टेबलावर मांडली. तुम्ही श्रीपतला चोर ठरवलंत ती तुमची, ती कुठाय?" लूर्डसचा आवाज त्याच्याहून एक पट्टी वर गेला. "आणि कापडाची खळ काढता येते, तशी ती देताही येते. धुतलेल्या सुती साडीला आम्ही कांजी नाही करत? सुमेध, हा लेप असतो कशाचा?"

सुमेध डोकं खाजवत म्हणाला, "तशा रेझिनचाच असतो. आपल्याच जातीचं रेझिन, अगदी पातळ केलेलं."

"मग आहेच की घरात."

खळ द्यायला सोमवारीच सुरुवात झाली. पहिल्या वेळी लूर्डस चेकाळली. पकड हवी ना, मग घे पकड, म्हणून तिने रेझिन दाट ठेवलं, वर हार्डनरही घातला. कापडाचा एक तुकडा बुडवला, तो वाळून पत्र्यासारखा झाला. त्याची पट्टी बनवली, तर मंगळवारी सकाळी श्रीपतने नुसता हात लावला आणि तिचे बशीसारखे टचकन दोन तुकडे झाले. धागा बाहेर नाही, करकर नाही, सरळ काप.

"आता तर घट्ट चिकटलं होतं!" लूर्डस चक्रावली.

"फार घट्ट," सुमेध म्हणाला. "एका जागी भेग पडली की ती कुठे अडतच नाही, सरळ पलीकडे जाते. हेही पुस्तकात आहे."

"तुझं पुस्तक मोडल्यावरच कसं उघडतं रे?"

श्रीपत हसला. "बाय, आमी पावसात ओढा पार करतो तेव्हा हात धरून चालतो. हात धरलेच नायत तर एकेक जन वाहून जानार. कंबरंला दोरी बांधून गच्च आवळलं तर एक घसरला की समदे गेले. धरायचं असं, की शेजाऱ्याचं ओझं कळंल, पन कुनी घसरलाच तर हात जरा ढिला सोडता येईल."

"हे पुस्तकात नाही," सुमेध म्हणाला आणि खिशातलं पेन काढून त्याने ते लिहून घेतलं.

दुसऱ्या वेळी हार्डनर नाही, आणि थिनरमध्ये रेझिन इतकं थोडं की पाणी भाताच्या पेजेवरच्या निवळीसारखं दिसावं. लूर्डसने माप घेतलं नाही. बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, थोडं थिनर वाढवलं, पुन्हा घासलं आणि "झाली" म्हणाली. दोरीवर वाळून आलेलं कापड ना पहिल्यासारखं ताठ होतं, ना लुगड्यासारखं मऊ. कोपऱ्यात बसताना जरा कुरकुरलं, पण तिने त्याला थोपटून बसवलं. बुधवारी पट्टी शिकंज्यात आवळली, तर श्रीपत तिला पूर्ण लटकला आणि लटकूनच राहिला.

आता फळी बनवायची वेळ आली. सुमेध मापाचा ग्लास घेऊन पुढे झाला. लूर्डस आडवी आली.

"हार्डनर श्रीपत घालेल. नजरेने."

"अजिबात नाही!" दिनानाथ ओरडला.

"मग फळी टिकली तरी तुम्ही म्हणणार, बघा, मापून घातला म्हणून टिकली. मी नाही कापड देणार." आणि खरंच ती घडी केलेलं कापड छातीशी धरून उभी राहिली.

तोड सुमेधने काढली. श्रीपतने आपल्या पद्धतीने हार्डनर रिकाम्या डब्यात ओतायचा, सुमेधने तो काट्यावर ठेवायचा. फार चुकला तर सुमेधचं माप, नाही तर श्रीपतची नजर. श्रीपतने बाटली वाकडी केली, धार बघितली, बाटली सरळ केली. सुमेधने काटा बघितला. पुन्हा बघितला. आपला कागद काढून हिशेब ताडला.

"किती चुकला?" दिनानाथने विचारलं.

"एक चमचा," सुमेध म्हणाला. "चहाचा."

दिनानाथ ऑफिसात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

शुक्रवारी कंपनीचा माणूस आला. टाय, ब्रीफकेस, आणि चहा नको म्हणण्याची घाई. फळीचा फोटो त्याने उजेडाला धरून बघितला, कोपरे बघितले, मान हलवली. मग गोण्या. चार झाल्या. पाचवी ठेवताना लूर्डसने छातीवर क्रूसाची खूण केली आणि श्रीपतने डोळे मिटले. पाचवी राहिली. सहावी, सातवी. फळी मधोमध लवली, म्हाताऱ्या माणसाने हसून कमरेत वाकावं तशी. आठवी ठेवली आणि आतून बारीक 'टिक' असा आवाज आला.

कंपनीच्या माणसाने घड्याळ लावलं. पाच मिनिटं. फळी तशीच. त्याने स्वतःहून नववी गोणी मागवली. तीही राहिली. गोण्या उतरवल्यावर फळी सावकाश सरळ झाली, आणि तो म्हणाला, "चहा चालेल आता."

तो गेल्यावर दिनानाथ लूर्डसपाशी आला. "ठीक आहे. श्रीपत राहील. मी सुमेधला सांगतो त्याला कळवायला."

"सुमेधला का?" लूर्डस म्हणाली. "या म्हणायला तुम्ही होतात, जा म्हणायला तुम्ही होतात. श्रीपत तिथे ब्रश धुतोय. बारा पावलं आहेत."

दिनानाथने तिच्याकडे बघितलं, मग बारा पावलांकडे. लूर्डसने पुढे कात्री ठेवून हाताची घडी घातली होती. तो निघाला. श्रीपतसमोर उभा राहून त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"श्रीपत, हार्डनर बरोबर होता तुझा. मी... जरा घाईत बोललो."

श्रीपतने ब्रश झटकला. "म्हंजे उद्या यायचं?"

"यायचं."

"नक्की?"

"अरे नक्की! लेखी देऊ?"

"लेखी नको," श्रीपत म्हणाला, आणि खुंटीवरचा सदरा काढून अंगात घालू लागला. "मग आज मी लवकर जातो. शनिवारपासून घरीच हाय, आपनच झोडू म्हनून झोडनीला मानसं सांगितली न्हवती. आता आजच झोडायला पायजे भात."

तो गेलाही. दिनानाथ चष्मा सावरत तसाच उभा राहिला, आणि कापडाच्या टेबलामागून लूर्डस इतकी मोठ्याने हसली की दोन गाळ्यांपलीकडचं ड्रिल मशीन थांबलं.